तू देव पाह्य, मी चपला पाह्यतो

त्या वर्षी माझं आणि बालाजीचं बोलणं बंद होतं. म्हणजे मी बोलत नव्हते; त्याच्या बाजूचं मला माहीत नाही. वाशीमला नांदायला आले तेव्हापासून घरात काही खट्ट झालं की मी मंदिरात जाऊन त्याच्यापुढे उभी राहायची आणि भडाभडा बोलून यायची. मागायची थोडं, भांडायची जास्त. पण यांचा आजार आला आणि भांडायचंही बळ उरलं नाही. यांचा म्हणजे माझ्या नवऱ्याचा. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरू लागले, मग जेवलो की नाही ते, मग मुलाचं नाव. एका सकाळी मी चहा पुढे ठेवला तर हे हात जोडून म्हणाले, "बाई, तुमी काहून तरास घेतला? आमची मंडळी येईलच आता." मी आत जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. त्या दिवसापासून देवघरात दिवा सून लावू लागली. इतक्या वर्षांच्या संसारातून नेमकी मलाच पुसून टाकायची तर मी त्याच्या दारात कशाला जाऊ, असं माझं सरळ म्हणणं होतं.

हे एसटीत ड्रायव्हर होते. वाशीम–मंगरूळपीर रस्त्यावरचं प्रत्येक झाड त्यांच्या ओळखीचं. असा माणूस लाखाळ्यातल्या आमच्या घरात खुर्चीवर बसून भिंतीकडे बघत राहायचा. डॉक्टर म्हणाले, यांना रोज चालवा, आणि जमलं तर जिथे लहानाचे मोठे झाले तिथे चालवा. जुनं आठवणीत जास्त टिकतं. हे जन्मले शुक्रवार पेठेत. मीही लग्न होऊन पहिल्यांदा तिथल्याच दोन खोल्यांत आले होते. नंतर आम्ही लाखाळ्यात घर बांधलं आणि जुनं गाव सणासुदीच्या खरेदीपुरतं उरलं. तर आता रोज सकाळी ऑटोनं पाटणी चौकापर्यंत जायचं, तिथे उतरायचं आणि जुन्या गावात पायी शिरायचं, असं सुरू झालं.

खरं सांगते, मला ते गाव माहीतच नव्हतं. सून म्हणून जितकी वर्षं तिथे काढली त्यांत माझे रस्ते तीनच: घर ते पिठाची गिरणी, घर ते भाजीबाजार आणि घर ते बालाजी. डोक्यावर पदर आणि नजर पायाखाली. दुतर्फा काय आहे ते बघायची रीत नव्हती. यांच्या बोटाला धरून फिरू लागले तेव्हा कळलं की काटीवेशीकडे जायला तीन बोळ आहेत, आणि एका बोळात तर दोन माणसं समोरासमोर आली की एकाला ओट्यावर चढावं लागतं. लाकडी चौकटींवर कोरलेले पोपट आहेत, त्यांच्या चोचींना पिढ्यान्‌पिढ्यांचा तेलकट हात लागून काळपट तुकतुकी आली आहे. पितळी भांड्यांना कल्हई करणारा अजून एक आहे. किराणा दुकानांतून हळदीचा, हिंगाचा आणि गोणपाटाचा मिळून एक वास येतो, तो लाखाळ्यात कुठल्याच दुकानाला नाही.

आणि गंमत म्हणजे तिथे शिरलं की हे बोलायला लागायचे. घरी मुकाट बसलेला माणूस पहिल्या वळणावर मान वर करायचा आणि मला म्हणायचा, "बाई, तुमी बाहेरगावच्या दिसता. चाला, तुमाले आमचं गाव दाखवतो." रोज. मी रोज नव्यानं आलेली पाहुणी. मध्यमेश्वराच्या देवळापाशी थांबून सांगायचे, पृथ्वीची मधली रेघ इथून जाते म्हणतात, म्हणून वाशीमचा माणूस कधी कलंडत नाही. पद्मतीर्थाच्या तळ्यावर उभं राहून सांगायचे, गावात एकशे आठ तीर्थं होती, "त्यातली निम्मी आता लोकायच्या न्हानीखाली गेली असतीन." मी पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसायची. पहिल्या पहिल्यांदा ते हसू ओढून आणलेलं होतं. पुढे पुढे खरंच यायला लागलं.

एकदा पद्मतीर्थाच्या पायऱ्यांवर बसलो असताना मीच धीर करून विचारलं, "तुमची मंडळी कशी हाये?" हे जरा विचारात पडले. मग म्हणाले, "आसेगावची हाये. तोंडाची फटकळ, लय फटकळ. पन तिच्या हातच्या भाकरीले तोड नाही. आन मनानं तं…" पुढचं वाक्य पूर्णच केलं नाही. पाण्यात एक कासव वर आलं होतं, ते बघत बसले. मनानं काय, ते ऐकायला मी किती वेळ थांबले! इतक्या वर्षांत माझ्या तोंडावर त्यांनी माझं कौतुक कधी केलं नव्हतं, आणि केलं ते परक्या बाईजवळ. मला राग यावा की रडू, ते कळेना. उठताना त्यांनीच हात पुढे केला. लग्नानंतर हातात हात घालून भररस्त्यानं आम्ही कधी चाललो नव्हतो, आता रोज चालत होतो. ओट्यांवरच्या बायका तोंडाला पदर लावायच्या. मी म्हणायची, हसा बायांनो, उशिरा का होईना, आमची हौस फिटून राहिली आहे.

रोजच्या त्या फेरीत एकच जागा मी टाळायची. बालाजी मंदिराचा रस्ता फुटतो त्या कोपऱ्यावरून मी यांना परत वळवायची. हे तिथे हमखास रेंगाळायचे. मंदिराकडे बघायचे आणि मग, का कोण जाणे, खाली माझ्या पायांकडे बघायचे. मला वाटायचं, थकले असतील. "चाला, ऑटो जाईल," म्हणून मी ओढून न्यायची. या गावाचा देवच मुळी एकदा हरवला होता. जुन्या धामधुमीत मूर्ती मातीखाली दडवल्या, दडवणारे गेले, आणि सगळ्यांना विसर पडला. मग कधीतरी एका घोडेस्वारानं सहज काठीनं माती उकरली तर बोट दिसलं, असं सांगतात. मला ती गोष्ट फार आवडायची. पण त्या दिवसांत आठवली की मी मनात म्हणायची, तुला शोधायला घोडेस्वार आला रे, आमच्या माणसाला शोधायला कोण येणार?

आता इथे मी एक आमच्या पिढीतली गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी यांचं नाव कधी घेतलं नव्हतं. माझ्या आईनं लग्नाच्या आदल्या दिवशी बजावलं होतं, नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं. उखाण्यात चालतं, एरवी नाही. माझी सून नवऱ्याला अरे-तुरे करते आणि नावानं हाक मारते, आणि ते दोघं सुखात आहेत, हे मला दिसतं. पण माझी जीभच वळायची नाही. सुनेनं गुलाबजाम केले की मी त्यांना 'पाकातले गोळे' म्हणायची. यावरून काय ते ओळखा. घरात सगळे हसायचे, हेही हसायचे, आणि मुद्दाम विचारायचे, "आज गोड काय केलं?" दवाखान्यात पेशंटचं नाव विचारलं की मी सुनेकडे बघायची. आधीच एवढा आजारी माणूस, त्यात माझ्या तोंडून नाव निसटलं आणि काही झालं तर, ही भीती पोटात घट्ट बसलेली होती.

दिवाळी तोंडावर आली होती. सोयाबीन घरात आलेलं, खेड्यापाड्यांची माणसं खरेदीला उतरलेली, आणि जुन्या बाजारात पाय ठेवायला जागा नाही. सून म्हणाली होती, आई, आज नका जाऊ. पण हे सकाळपासून टोपी घालून दारात उभे. त्यांच्या खिशात सून घरचा नंबर लिहिलेला कागद ठेवायची, तो धुवायला टाकलेल्या सदऱ्यात राहिला. माझा मोबाइल चार्जिंगला लावलेला, तोही तिथेच राहिला. अशा वेळी सगळं कसं एकदम जुळून येतं बघा.

रस्त्याच्या कडेला एक कुंभारीण पणत्या मांडून बसली होती. मी त्यांचा हात सोडला तो दोन्ही हातांनी पणत्या वाजवून बघायला. टिचलेली पणती बद्द वाजते आणि तेल पिते, ती बघूनच घ्यावी लागते. दिवा मी लावत नव्हते, पण पणत्या घेतल्याशिवाय राहवत नव्हतं, असं माझं तेव्हाचं सगळं उलटंपालटं होतं. चांगल्या पणत्या निवडून पिशवीत टाकल्या, वळले, आणि हे नव्हते.

आधी वाटलं, मागे असतील. मग वाटलं, पुढे. पांढरा सदरा, पांढरी टोपी, आणि त्या बाजारात निम्मे म्हातारे पांढऱ्या सदऱ्यात आणि पांढऱ्या टोपीत. मी "अवो, अवो" म्हणत धावत सुटले. कुणाची बायको नवऱ्याला अवो म्हणत नाही? दहा माणसांनी वळून बघितलं, त्यांत हे नव्हते. शुक्रवार पेठेतल्या जुन्या घरापर्यंत गेले. तिथे आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे नव्हते. पद्मतीर्थाच्या पायऱ्यांवर गेले. पाण्याकडे बघायची हिंमत होईना, तरी बघितलं. तिथेही नव्हते. ते रस्त्यावर गेले असतील, एखाद्या एसटीत चढून बसले असतील, कुठल्या गावाला उतरतील, त्यांना कोण विचारणार आणि ते काय सांगणार? ना स्वतःचं नाव सांगता यायचं, ना माझं.

बांगड्यांच्या गल्लीत माझे पाय संपले. एका दुकानाच्या पायरीवर मी बसले आणि लोक बघत असताना मोठ्यानं रडले. दुकानातली बाई खाली उतरली. माझ्याच वयाची, अंगानं भरलेली, डोक्यावरून ओढणी, दोन्ही मनगटांवर विकायच्या बांगड्या चढवलेल्या. सगळे तिला आपा म्हणत होते. "काय झालं व माय? कायले रडून राह्यली?" म्हणून तिनं मला पाण्याचा गिलास दिला. मी सांगितलं, लाखाळ्याहून आलो, माझा माणूस हरवला, त्याला आठवत नाही काही.

"फोटो हाये का मोबाइलमधी?"

"मोबाइल घरी राह्यला."

"बरं, नाव सांगा. आमी आवाज देतो गल्लीगल्लीत. इथली पद्धत हाये, एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर आवाज गेला की वेशीपावतर जाते."

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागले. ती थांबली. पुन्हा म्हणाली, "अवो नाव सांगा ना!"

"लिहून देऊ का?" मी म्हणाले.

"मले कुठं वाचता येते, माय!" मग तिच्या लक्षात आलं, आणि आसपास जमलेल्या बायकांच्याही. दुसरी कुणी असती तर चिडली असती. आपा माझ्याजवळ पायरीवर बसली. "आयुष्य घटते म्हून नाही घेत ना? माही सासूबी असंच म्हने. मी तं माह्यावाल्याले रोज नावानं हाका मारते, तो पाहा तिथं बसून चाय पिऊन राह्यला, टणटणीत." आतला माणूस गिलास हातात धरून कसनुसं हसला. "आयुष्य वरच्याच्या हातात हाये. तुमी आपली जीभ मोकळी करा. अल्लाचं नाव घ्या, बालाजीचं घ्या, पन आधी त्याहीचं घ्या!"

बालाजीचं नाव तिनं घेतलं आणि माझ्या आत कुठेतरी बांध फुटला. मी मनात म्हणाले, ठीक आहे. माझं काही चालत नाही. इतके महिने मी रुसले, तुझ्या कोपऱ्यावरून तोंड फिरवून गेले, आणि एक हातही मला धरून ठेवता आला नाही. हे आयुष्य तुझंच आहे, घटवायचं तर घटव, वाढवायचं तर वाढव. तू सांभाळ. मी नाव घेते.

पण जिभेला सवय कशाची, तर उखाण्याची. लग्नाच्या दिवशी नणंदांनी दार अडवलं होतं तेव्हा घेतलेला उखाणाच तोंडात आला. रडत रडत, बांगड्यांच्या गल्लीत, अनोळखी बायकांच्या घोळक्यात, पांढऱ्या केसांची मी म्हणाले:

"देवतळ्याच्या पाण्यात हलतो कळसाचा तुरा,
गुलाबरावांचं नाव घेते, आता वाट सोडा जरा."

कुणी हसलं नाही. आपानं डोळे पुसले, उठली, कमरेवर हात ठेवला आणि असा आवाज काढला की समोरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. "गुलाबराव होऽऽ! लाखाळ्याचे गुलाबराव! कोनी पाह्यले काऽऽ?" पुढच्या ओट्यावर तूर निवडणाऱ्या बाईनं तो आवाज उचलला. तिच्याकडून वळणावरच्या पिठाच्या गिरणीनं घेतला. मी ऐकत होते. ज्या नावाला मी इतकी वर्षं जिभेखाली दडवून ठेवलं होतं ते नाव बोळाबोळांतून पुढे चाललं होतं. कधी बाईच्या आवाजात, कधी बाप्याच्या, कधी मराठीत, कधी हिंदीत, लांब लांब जात, शेवटी ऐकू येईनासं झालं. मग सगळं थांबलं. आपानं माझा हात धरून ठेवला होता. तिच्या बांगड्या माझ्या मनगटाला टोचत होत्या, तेवढंच मला कळत होतं.

आणि मग तसाच, ओट्याओट्यावरून, निरोप उलटा आला. "हायेत! मंदिरापाशी हायेत! बालाजीच्या मंदिरापाशी!"

मी कशी गेले ते आठवत नाही. रोजचा तो कोपरा ओलांडला, मंदिराची पायरी दिसली. समोरच्या फुलवालीनं लांबूनच हात केला. तिनं नंतर सांगितलं, नाव ऐकून तिनं सहज समोरच्या म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, गुलाबराव तुमीच का?" तर हे खणखणीत आवाजात म्हणाले, "हौ, मीच." डॉक्टरांनी किती वेळा नाव विचारलं होतं तेव्हा नुसते हसायचे.

हे पायऱ्यांच्या कडेला चपलांच्या ढिगाजवळ उकिडवे बसले होते, आणि मांडीशी बायकी चपलांचा एक जोड घट्ट धरला होता. समोर एक बाई अनवाणी उभी. रिठद गावची, दिवाळीच्या खरेदीला आलेली, हे सगळं मागून कळलं. दर्शन करून बाहेर आली तर चपला यांच्या हातात. "अवो बाबा, त्या माह्या चपला हायेत," ती समजावत होती. हे मान हलवत होते. "नाही. ह्या आमच्या मंडळीच्या. आत गेली ते दर्शनाले. लय उशीर लावते."

तेव्हा मला त्या कोपऱ्यावरचं रेंगाळणं कळलं, आणि माझ्या पायांकडे बघणंही. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला याच पायऱ्यांवरून माझ्या कोऱ्या चपला चोरीला गेल्या होत्या, आणि मी घरापर्यंत अनवाणी रडत आले होते. त्यानंतर हे कधी आत आले नाहीत. देवावर विशेष विश्वास नव्हता म्हणा, किंवा सबब सापडली म्हणा. दर वेळी माझ्या चपला काखेत घेऊन पायरीशी बसायचे आणि म्हणायचे, "तू देव पाह्य, मी चपला पाह्यतो." तरुणपणी बसले, केस पिकल्यावरही बसले. माझं सगळं भांडण, सगळं मागणं आत चालायचं तेव्हा बाहेर हा माणूस माझी वाट बघत असायचा. त्यांनी मला विसरून टाकलं, असं मी इतके महिने मनातल्या मनात देवाला ऐकवत होते. ते मला विसरले नव्हते. त्यांच्या हिशेबानं मी फक्त अजून बाहेर आले नव्हते.

मी खाली बसले. म्हटलं, "चाला, घरी जाऊ." त्यांनी माझ्याकडे बघितलं, नेहमीसारखं, परक्या बाईकडे बघावं तसं, सभ्यपणे. "तुमी व्हा पुढं, बाई. मंडळी बाहेर आल्याबिगर मी नाही येत."

रिठदची ती बाई माझ्याकडे बघत होती. तिला काय समजलं आणि कसं समजलं, मी विचारलं नाही. ती हळूच म्हणाली, "ताई, मंग तुमी आत जाऊन या ना. मी थांबते बाबाजवळ."

मी चपला काढल्या आणि आत गेले. इतक्या महिन्यांनी. गाभाऱ्यात काळी मूर्ती तशीच, तुळशीचा वास तसाच, पुजाऱ्याचं पुटपुटणं तसंच. आत शिरताना ठरवलं होतं खूप काही बोलायचं. उभी राहिले आणि हात पिशवीत गेला. पिशवीतली एक पणती काढून तिथल्या पायरीवर ठेवली, कोरडीच. तेल-वात जवळ नव्हती. हात जोडले, तीर्थ घेतलं आणि वळले. बाहेर ऊन चांगलं चढलं होतं आणि मला ते आधी दिसलेच नाहीत, डोळे दिपले.

त्यांना मी दिसले. हे गुडघ्यावर हात टेकून उठले. तो चपलांचा जोड माझ्या पायांपुढे ठेवला, नीट, डावी डावीकडे. आणि भरबाजारात, सगळ्या बायकाबाप्यांसमोर, त्यांनी मला नावानं हाक मारली. लग्नात ठेवलेलं ते नाव, जे सासू-सासऱ्यांसमोर नाही, पोरांसमोर नाही, फक्त चार भिंतींत ते घ्यायचे. मी ते इथे लिहीत नाही. ते त्यांच्याच तोंडी शोभतं. "झालं का दर्शन?" ते म्हणाले. "किती उशीर! म्या म्हनलं, देवानं ठेवूनच घेतली का काय."

"झालं," मी म्हणाले.

चपला माझ्या नव्हत्या. रिठदच्या बाईनं मागून डोळ्यांनीच खुणावलं, घाला, घाला. मी पाय घातले. बरोबर बसल्या. तिनं ढिगातून माझ्या चपला ओढून पायात सरकवल्या आणि आमच्या मागून कोपऱ्यापर्यंत आली. तिथे मी त्यांच्या नकळत बदलाबदली करायला गेले तर म्हणाली, "राहू द्या ताई, माप सारखंच हाये. मले एसटी गाठा लागते." आणि गर्दीत निघून गेली. तिचं नाव विचारायचं राहिलं.

अशा अनुभवांत भेटलेली माणसं नंतर शोधूनही सापडत नाहीत, असं मी पुष्कळ वाचलं आहे. रिठदची बाई खरंच पुन्हा भेटली नाही. आपा मात्र दुसऱ्या दिवशी तिच्या दुकानातच होती. तिनं आम्हाला चहा पाजला, माझ्या हातात हिरव्या बांगड्या चढवल्या, आणि यांना विचारलं, "काय गुलाबराव, वळखलं का यायले?" हे माझ्याकडे बघून म्हणाले, "नाही व. बाहेरगावच्या दिसतात." आपाचा चेहरा पडला. माझा पडला नाही. मला आता रस्ता माहीत होता.

आजही रोज सकाळी आम्ही जुन्या गावात उतरतो. हे मला बाहेरगावची पाहुणी समजून गाव दाखवतात, मध्यमेश्वरापाशी तीच गंमत सांगतात, आणि मी हसते. मग त्या कोपऱ्यावरून मी आता परत वळत नाही. मंदिराच्या पायरीशी मी त्या रिठदच्या चपला काढते, हे त्या उचलून काखेत घेतात आणि बसतात. फुलवालीचं लक्ष असतं. मी आत जाते. मागत काही नाही, भांडणही उरलेलं नाही. फक्त थोडा वेळ उभी राहते, म्हणजे बाहेर वाट बघायला त्यांना अवधी मिळावा. सगळ्याच दिवशी ते ओळखतात असं नाही. काही दिवशी चपला पुढे करून म्हणतात, "बाई, तुमच्या का ह्या?" आणि मीही "हौ" म्हणून घालते. आजार हटलेला नाही, डॉक्टर म्हणतात हटणारही नाही. तो हिशेब मी त्या दिवशी बांगड्यांच्या गल्लीतच ज्याचा त्याला देऊन टाकला.

पण ज्या दिवशी ओळखतात, त्या दिवशी उन्हात डोळे दिपलेली मी पायरीवर थांबते आणि मला काही दिसण्याआधी माझं नाव ऐकू येतं. मग मीही त्यांचं नाव घेते, मोठ्यानं. आता उखाणा लागत नाही.